पापुद्र्याचं दुसरं टोक

पास्तो,
१४ नोव्हेंबर १९७१

क्लीमाको यांस,

सोइलाचा नमस्कार. तुम्ही खुशाल असाल. इप्यालेसची थंडी तुमच्या गुडघ्यांना सोसत नाही हे मला ठाऊक आहे, तेव्हा ‘मजेत आहे’ असं उलटटपाली खोटं लिहू नका. एतेल्विनावन्संना नमस्कार सांगा. भावाला इतकी वर्षं सांभाळताहेत म्हणजे धन्य आहे त्यांची.

इथे सगळं ठीक. स्वयंपाकघरातल्या गिनीपिगांना पुन्हा पिल्लं झाली. ज्वालामुखी अधूनमधून धूर सोडतो, पण तो तर आपल्या लग्नातही सोडत होता. शेजारच्या मेसिआसदादांनी कार्निव्हलच्या रथाची ठोकाठोक आतापासूनच सुरू केली आहे. यंदा ड्रॅगन करणार म्हणतात. सध्या तरी ती गाढवीण दिसते.

पत्र सहजच लिहितेय. हाताला काम नव्हतं म्हणून.

खरं तर काम आहे. कॉन्व्हेंटच्या मदर एक पेटी घेऊन आल्या. इथे स्पेनच्या राजाचं राज्य होतं तेव्हाची. काळीभोर, झाकणावर वेली, माकडं, पोपट, आणि राळेखाली चांदीचा वर्ख अजून असा चमकतोय की माझ्या तोंडून हाय निघाली. तुम्ही बघायला हवी होतीत. एका कोपऱ्यातला पोपट मात्र पार उडून गेलाय, नुसतं लाकूड राहिलंय.

मदर म्हणाल्या, “सोइला, नाताळच्या पूजेला ही वेदीपाशी हवी. तुला नाही जमलं तर बोगोटाचा एक माणूस आहे, तो सगळी पेटी नव्याने रंगवून देतो म्हणतो.”

“रंगवून? मग बाळ येशूसुद्धा प्लास्टिकचाच आणा की!”

त्या हसल्या. मग हळूच म्हणाल्या, “अगं, पण राळेचा पापुद्रा ओढायला तुझ्याबरोबर आहे कोण?”

“आहेत की माणसं,” मी म्हटलं.

कसली माणसं! राळ कुटली, उकळली, मळली, हिरवा रंग घातला, सगळं तुमच्या पद्धतीने. पण पोपट कापून लाकडावर चिकटवायचा तर आधी पातळ पापुद्रा हवा, आणि गोळा काही स्वतःचा स्वतः ताणला जात नाही. समोर दुसरा लागतो, दोन्ही हातांनी आणि दातांनी कडा धरणारा. आधी आउराला उभं केलं. ही माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, तुम्ही गेलात तेव्हा फ्रॉकमध्ये होती, आता माझ्याकडे काम शिकायला राहिली आहे. पापुद्रा फाटला. पुन्हा फाटला. मग मेसिआसदादा म्हणाले, “बाजूला हो पोरी, हे पुरुषाचं काम आहे.” त्यांनी कडा दातांत धरली, मी ओढलं, आणि त्यांची कवळी राळेला चिकटून बाहेर आली. आउरा हसून हसून जमिनीवर बसली. मीही हसले. मग रडू आलं, पण ते धुरामुळे असेल.

आता पुढचं लिहायचं की नाही, याचा विचार करत मध्ये उठून दोनदा चहा करून प्यायले.

गेल्या शनिवारी आउरा कामाच्या खोलीतली लाकडी जमीन मेणाने घासत होती. म्हणाली, “मावशी, इथे फळ्या अशा का झिजल्यात?”

बघायला गेले. खिडकीच्या बाजूला, पापुद्रा ओढताना मी उभी राहते तिथे, टाचांचे दोन खळगे आहेत. खोल, जागच्या जागी. आणि समोर तुमच्या बाजूला खळगे नाहीतच. तिथे भिंतीपासून पार माझ्या दिशेने एक गुळगुळीत पट्टा आहे.

“इथून कोण चालायचं गं?”

“कोणी नाही. तिथे तुझे काका उभे राहायचे.”

“उभे कुठले, मावशी? चालत यायचे तुझ्याकडे.”

क्लीमाको, मी तिथेच स्टुलावर बसले. इतकी वर्षं माझे डोळे पापुद्र्यावर असायचे, तुमच्या पायांकडे मी कधी बघितलंच नाही. मला वाटायचं, माझा हात पक्का म्हणून आपला पापुद्रा फाटत नाही. माझी ओढ जास्त झाली की तुम्ही एक पाऊल पुढे येत होतात, इतकंच होतं ते. बोलणार तरी कसे, तोंडात राळ! आणि तोंड मोकळं असताना एकदाच, त्या गिऱ्हाइकासमोर, म्हणालात, “सोइला, तू फार ओढतेस.” त्यावर मी काय काय बोलले ते तुम्हाला पाठ असेल. तुम्ही टोपी उचललीत. ती टोपीची खुंटी अजून रिकामीच आहे, तिला मी झाडूसुद्धा टांगू देत नाही.

आज आउराबरोबर मी पाऊल टाकून बघितलं. पापुद्रा छातीएवढा रुंद झाला, मगच फाटला. तिला सवय नाही अजून, आणि मला तर मुळीच नाही. पण होईल. आज पहिल्यांदा वाटलं की होईल.

आणखी एक. माझे वरचे पुढचे दात गेल्यातच जमा आहेत. दातांचे डॉक्टर म्हणतात, काढायलाच हवेत. ऐकून मी घाबरले होते, मेसिआसदादांची कवळी डोळ्यांसमोर आली. पण पेटीची बिजागरी सोडवली तर खाली जुन्या पापुद्र्याची न कापलेली कड निघाली. तिच्यावर दातांचे ठसे आहेत, आणि मधोमध एका दाताची जागा रिकामी. कोण बाई होती की बाप्या, देव जाणे. पण दात पडला म्हणून त्या माणसाने काम काही सोडलं नव्हतं. ती कड मी होती तशीच ठेवली आहे, बिजागरीही परत तिच्यावरच बसवणार आहे.

तरीही त्या पोपटाचा पापुद्रा मला माझ्या स्वतःच्या दातांनी ओढायचा आहे, आणि समोर तुम्ही हवे आहात. पेटीसाठी असं लिहिणार होते. पेटीसाठी आहेच, पण फक्त पेटीसाठी नाही. घर तुमच्यावाचून फार शांत झालंय. मला ते आवडत नाही.

तुम्ही येईपर्यंत दात काढणार नाही असं डॉक्टरांना सांगून आले आहे. एक गाल सुजून भोपळ्यासारखा झालाय, तेव्हा टोपी घाला आणि पहिल्या बसने निघा. भांडायचं असेल तर पापुद्रा ओढून झाल्यावर भांडू.

खिडकीकडच्या टोकाला, पण खळग्यातून एक पाऊल पुढे उभी असलेली,

तुमची
सोइला