ऊद, इंटरकूलर आणि आई

आदरणीय सुहैलमामा यांस,

लिवाहून भाचा मुसब्बहचा सलाम. अल्ला तुमचं आणि मामीचं भलं करो, सलालातल्या तुमच्या उंटिणींना भरपूर दूध देवो आणि तुमच्या गुडघ्याला निदान जिना चढण्यापुरती सुबुद्धी देवो. इकडे सर्व खुशाल. आई खुशाल आहे. (जरा जास्तच खुशाल आहे, पण ते पुढे येईल.) सोबत खजूर पाठवतो आहे. वरचा थर बघून मत बनवू नका, तो मतरभावोजींनी भरला आहे.

मामा, सलालाला जाताना तुम्ही तुमची टर्बो जीप माझ्या हवाली केलीत, तो दिवस मी विसरलेलो नाही. तेव्हापासून दर हिवाळ्यात ती साऱ्या गावासमोर मोठ्या वाळूटेकडीवर पाऊण वाटेपर्यंत जाते, धापा टाकते आणि पाठमोरी घसरत खाली येते. तेही विसरता येत नाही, कारण वर कड्यावर खुर्ची टाकून, दुर्बीण लावून बसलेले मतरभावोजी वर्षभर आठवण करून देतात. यंदा आईने मजलिसमध्ये, सगळे बैठकीच्या गाद्यांवर टेकलेले असताना, कॉफीचा पेला खाली ठेवला आणि सर्वांदेखत निकाल दिला, की या खेपेला चढली नाही तर जीप मतरची. आणि जावईबापूंना ती कशाला हवी? उंटांचा चारा ओढायला! तुमची जीप, मामा!

दुखणं कुठे आहे ते मला ठाऊक होतं. (मामीला वाचून दाखवत असाल तर एवढंच सांगा, की टर्बो हवा दाबून इंजिनात कोंबतो, दाबली की हवा तापते आणि तापलेली हवा इंजिनाच्या अंगी लागत नाही. म्हणून वाटेत इंटरकूलरची जाळी असते. गरम हवा तिच्या नळ्यांतून जाते आणि बाहेरचा वारा तिला निववतो.) तुमच्या काळी ही जाळी इंजिनाच्या डोक्यावर होती, म्हणजे गारवा हवा म्हणून चुलीवर जाऊन बसण्यातला प्रकार. मी ती काढून पुढे रेडिएटरसमोर लावली. तर रेडिएटरचा वारा अडला आणि पायथ्याशीच गाडीने वाफेचा असा फवारा सोडला, की लोक चहाचे पेले घेऊन आले. मग मी मागच्या सीटा काढून जाळी तिकडे नेली, लांबलचक नळ्या टाकल्या, दोन दांडगे पंखे बसवले. पंख्यांच्या आवाजाने शेजारच्या शेळ्या आटल्या. आणि हवा? गरम ती गरमच. गाडीखाली पडून मी पुष्कळ विचार केला, पण त्यात झोपच जास्त झाली.

अशात एक दिवस आई हातात धुपाटणं घेऊन गॅरेजमध्ये आली. जीपला दृष्ट लागली आहे, असं तिचं निदान.

"मतरचीच असणार. दुर्बिणीतून लागलेली फार वाईट."

"आई, अगं यंत्र आहे ते!"

"मग? यंत्राकडे लोक डोळे मिटून बघतात होय? लाव ते पंखे. धूर आतपर्यंत जाऊ दे."

मी पंखे लावले. मामा, काय सांगू तुम्हाला! मला हवा दिसली. जिच्याशी इतकी वर्षं झगडलो, ती मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिली. निळसर दोरासारखी ती निघाली, थेट जाळीपर्यंत गेली, आणि आत न शिरता कडेच्या फटीतून गुपचूप निसटली. (भांडी उचलायची वेळ आली की मतरभावोजी मजलिसच्या मागच्या दाराने निसटतात, अगदी तश्शी.) जाळीच्या मधोमध धुराचा मागमूस नाही. पंखे बिचारे फटींनाच वारा घालत होते. आई "सुबहानल्ला" म्हणाली आणि तिने निखाऱ्यावर उदाचा आणखी एक तुकडा ठेवला.

मग आम्हा दोघांना तहानभूक राहिली नाही. जाळीभोवती पत्र्याची पेटी केली, तिचं तोंड आपल्या जुन्या घरांवरच्या वाऱ्याच्या मनोऱ्यासारखं छतातून वर काढलं, म्हणजे वरचा वारा आत यावा, खालची एक्झॉस्टची धग नको. फटी बुजवायला स्पंज हवा होता, तो मजलिसच्या गाद्यांत सापडला. (गाद्या दिसायला तशाच आहेत. बसल्यावर कळतं.) दर बदलानंतर आई धूर सोडायची आणि ओरडायची, "हा बघ, इथून पळतोय मेला!" शेवटी एका दुपारी सगळा धूर एकवटून जाळीत शिरला आणि पलीकडून संथ, सरळ बाहेर आला. नमाजाला उभं राहावं तसे आम्ही दोघं खांद्याला खांदा लावून उभे होतो. अल्लाने हवेलासुद्धा केवढी शिस्त लावून ठेवली आहे, आणि आपण तिला नुसती फट ठेवतो!

आणि मामा, जीप चढली! जिथे दरवर्षी तिचा दम संपतो, तिथे तिने आवाजसुद्धा बदलला नाही. वाळूचा लोट उडवत ती थेट कड्यावर गेली. भावोजींना खुर्ची उचलून पळावं लागलं. अख्ख्या टेकडीवर उदाचा घमघमाट सुटला होता. मी रडलो, सांगायला लाज वाटत नाही. तुमची जीप चाऱ्यापासून वाचली.

मामीला सलाम, लहानांना पापा, गुडघ्याला तेल.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
मुसब्बह

ता.क. जो ऊद जळला, तो तुम्ही माझ्या धाकट्या बहिणीच्या, शम्माच्या साखरपुड्यासाठी पाठवलेल्या डबीतला होता. डबीत आता फक्त वास आहे. पाहुणे यायच्या आत दुसरी पाठवावी. पाहुण्यांना गाद्यांचं काय सांगायचं ते आमचं आम्ही बघू.

ता.क. पुन्हा. पत्र वाचून पाहिलं. 'जीप चढली' असं मी लिहिलं आहे, चालवली कोणी ते राहून गेलं. आईने. ऐन वेळी म्हणाली, "उतर. तुझं वजन जास्त आहे. आणि रस्ते नव्हते तेव्हा विहिरीवरून पाण्याची गाडी कोण आणायचं, विचार तुझ्या मामाला." तेव्हापासून चावी तिच्याकडे आहे. शेजारी कॉफीला जायचं तरी जीप काढते. मामा, ती ऐकली तर फक्त तुमचंच ऐकेल. चावीचं तेवढं तिला लिहा. खरं तर त्याचसाठी हे पत्र.

ता.क. शेवटचा. आईने पत्र वाचलं. विचारते आहे, "सुहैल स्वतः कधी पाऊण वाटेच्या वर गेला होता का?" तेव्हा चावीचं लिहू नका. फक्त ऊद पाठवा. पुढच्या वर्षी ती चढेल तेव्हा पायथ्याशी उभं राहायचं काम मला दिलं आहे. धुपाटणं माझ्याच हातात असेल.