आईचं स्पॅनिश घर

३ फेब्रुवारी

गवंडी आला. कात्रणांचा पुठ्ठा भिंतीला टेकवून त्याच्यासमोर उकिडवा बसला. बराच वेळ बघून म्हणाला, "काका, ही कमान अर्धीच आहे. डावी बाजू कुठंय?"

डावी बाजू नाही. कात्रीत गेली.

म्हटलं, उजवीसारखीच डावी कर. ते जमेल म्हणाला, पण खालचा भागही कापलाय, उंची कशी धरायची? मी व्हर्निअर आणलं, चित्रातल्या खुर्चीवरून हिशेब काढून दिला. चौतीस वर्षं लेथवर हेच केलं — ड्रॉइंगमध्ये असेल ते करायचं, का म्हणून विचारायचं नाही. गवंडी माझ्या तोंडाकडे बघत राहिला. बघू दे.

४ फेब्रुवारी

धूळ.

६ फेब्रुवारी

रोज चार ओळी लिहा, मन मोकळं होतं — इति डॉक्टर. मन भरलेलंच नाही तर मोकळं काय होणार! तरी लिहितो. सांगितलंय ना.

ती गेली त्याला मार्चमध्ये वर्ष होईल. तिचा बटणांचा डबा लेकीनं उघडला तेव्हा तळाशी चौदा कात्रणं निघाली. सगळी रविवारच्या पुरवणीतली. पांढऱ्या खडबडीत भिंती, भाजक्या मातीच्या फरश्या, काळपट तुळया, लोखंडी नक्षीची जाळी, निळ्या-पिवळ्या टाईल्स. 'स्पेनमधली घरं' असं एकावर छापलंय, म्हणजे 'स्पेनमध' एवढंच उरलंय. लेकीनं चौदाही पुठ्ठ्यावर ओळीनं लावली, कोपऱ्यांना डिंक लावून, आणि वर जाड पेनानं लिहिलं — आईचं स्पॅनिश घर. म्हणाली, आईच्या मनात एवढं होतं आणि आपल्याला पत्ताही नाही.

मला होता. एकदा मी जेवत होतो, ती समोर बसून यातलंच एक कात्रण हातात धरून वाचत होती. माझ्याकडून पांढरी भिंत आणि जिना दिसत होता. म्हणाली, "अहो, काही अवघड नाहीये हे. आठ दिवसांत जमेल. एकदा करून तर बघा."

मी म्हणालो, "या वयात कुठे हे उद्योग!"

ती हसली. कात्रण घडी घालून ठेवून दिलं. तिच्या आजाराचा रिपोर्ट यायला तेव्हा तीन महिने होते. पुन्हा कधी विषय काढला नाही तिनं.

तेवढी एकच गोष्ट तिनं माझ्याकडे मागितली होती. म्हणून हे काम. वर्ष व्हायच्या आत पुरं करायचं. वरातीमागून घोडं, पण घोडं.

८ फेब्रुवारी

गवंड्याला तिचं आठ दिवसांचं सांगितलं. हसून हसून त्याला ठसका लागला. पाणी दिलं.

भिंतींना रंग नको, चुनाच, असं मी म्हणालो. तोही थापीच्या खुणा दिसतील असा. त्याचं म्हणणं, माझ्या आजानं सगळ्या गावाची घरं अशीच केली, चुना, माती आणि वीट. "तेव्हा त्याला गरिबी म्हणायचे काका. आता स्पॅनिश म्हणतात."

हसायला हवं होतं. लक्षात आलं तोवर तो कामाला लागला होता.

१२ फेब्रुवारी

कमान स्वयंपाकघर आणि पुढच्या खोलीच्या मधल्या भिंतीत येणार. म्हणजे ती भिंत जाणार. म्हणजे त्या भिंतीवरची फळी, डबे, चमच्यांची खुंटाळी, सगळं.

दिवसभर डबे उतरवले. तिनं प्रत्येकाच्या झाकणावर चिकटपट्टी लावून नाव लिहिलंय. तांदूळ. डाळ. साखर. साखरेच्या डब्यात मीठ आणि मिठाच्या डब्यात साखर — हे मात्र फक्त तिलाच माहीत. मी गेल्या वर्षी एकदा चहात मीठ घातलं होतं. प्यायलो तसाच.

डबे पलंगाखाली ठेवले. काही वाटलं नाही.

१३ फेब्रुवारी

भिंत पाडली. अकरा वाजता होती, साडेबाराला नव्हती.

१७ फेब्रुवारी

लेक आली. मला बघून म्हणाली, किती उतरलात बाबा! डबा लावून देते म्हणाली. मागे लावला होता, अर्धा परत जायचा, म्हणून बंद केला. आता सकाळी ब्रेड, संध्याकाळी ब्रेड-केळं. गॅस कधी पेटवतोय तर चहापुरता. तिनं खूप समजावलं. शेवटी म्हणाली, "तुमच्यापुढे बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी."

बरोबर आहे.

लेक गेल्यावर पुठ्ठ्यासमोर बसलो. एक गोष्ट डोक्यातून जात नाही. चौदातलं एकही चित्र पुरतं नाही. दिव्याचं डोकं उडालंय, चौकटीला बिजागऱ्या आहेत पण दार नाही, जिना मधूनच सुरू होतो. तिच्या हातानं असं कापावं? सगळ्या गल्लीची कापडं बेतायची ती. खडूची रेघ न मारता सरळ कात्री चालवायची, बोटभर चिंधी वाया जायची नाही.

हात थरथरत असणार. मला दिसलं नाही.

२१ फेब्रुवारी

फरश्या बसल्या. दोन फरश्या सूतभर वर आहेत. उचलायला सांगितलं तर गवंडी म्हणाला, असंच असतं त्यांच्याकडे, हातानं केलेलं दिसायला पाहिजे. लेथवर असं बोलला असता तर काढून टाकला असता त्याला. राहू दे म्हटलं.

२४ फेब्रुवारी

कमान उभी राहिली. साचा काढला तेव्हा गवंडी हात जोडून उभा. छान झाली आहे. मी पण मान हलवली.

मेहुणी बघायला आली. ती तिची पाठची बहीण, रोज दोघींचा फोन असायचा. सगळ्या घरभर फिरली, भिंतीवरून हात फिरवला, हाताला चुना लागला तो पदराला पुसला. मग हळूच म्हणाली, "भावोजी, रागावू नका. ताई स्पेनचं मला कधी काही बोलली नाही. पांढऱ्या भिंतीवर तर तिचा राग. डाग दिसतात म्हणायची."

मी म्हटलं, मनात असतं, सगळं बोलतंच असं नाही माणूस.

चहा केला. ती अर्धाच प्यायली.

२५ फेब्रुवारी

काही नाही.

२८ फेब्रुवारी

चुन्याचा शेवटचा हात झाला. गवंड्यानं हत्यारं धुतली, पिशवी भरली. घर पाहावं बांधून म्हणतात. पाहिलं. कमानीतून या खोलीतून त्या खोलीत गेलो, परत आलो. तिला आवडलं असतं असं स्वतःला सांगितलं. कोणा तिसऱ्याबद्दल बोलावं तसं वाटलं.

जाता जाता त्याच्या बादलीचा धक्का लागला आणि पुठ्ठा भिजला. बिचारा घाबरला. म्हटलं, असू दे, आता काम झालं, ड्रॉइंगचं काय करायचंय. कात्रणं कोपऱ्यातून सुटली आहेत. उचलून वाळत घालायची आहेत. सकाळी बघतो.

१ मार्च

कात्रणं नव्या फरशीवर पालथी पडली होती. मागच्या बाजूला पाककृतीची चौकट — 'एका माणसाचा स्वयंपाक'. चौदाही कात्रणांवर. चारी बाजूंनी रेघेवर सरळ कापलेली, एक सूत इकडेतिकडे नाही.

लेकीनं मागं बघितलं नव्हतं. मीही नाही.

समासात पेन्सिल, तिचं अक्षर. 'हे जमेल त्यांना.' 'हे नको, तेल उडतं.' 'अंडं फोडायला आधी शिकवायचं.' रिपोर्टच्या तीन महिने आधी! तिला ठाऊक होतं. मला शिकवायला बसली होती, आणि मी म्हणालो, या वयात कुठे.

तिथेच फरशीवर बसून रडलो. खूप.

मग पलंगाखालून तांदळाचा डबा काढला. पहिल्या कात्रणावर भात आहे. खाली लिहिलंय — 'मीठ विसरतील.'

विसरलो.