बासाठी कोरा चहा

आये, बा आता माझ्याकडे सरावलीला आहे. गावी, झरीला आपल्या घरात पडला, त्यानंतर त्याला तिथे एकटं ठेवणं शक्य नव्हतं. मला वाटलं, इथे दोन वेळ नीट जेवेल, अंगावर थोडं मांस येईल. पण तो काही खाईना. सकाळी मी आलं घालून चांगला दुधाचा चहा करायची. तो मुकाट्याने प्यायचा, कप स्वतः धुऊन उपडा ठेवायचा, टोपी घालायचा आणि पिशवी मांडीवर घेऊन दाराजवळच्या खुर्चीत बसायचा. ताट वाढलं की म्हणायचा, "नको, घरी जाऊन जेवन." कामावरून आले तरी तिथेच. "बा, हेच घर आपलं." "हां, हां," म्हणायचा, साहेबाशी बोलावं तसं. माझ्याशी! डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर सलाईन लावावं लागेल.

मग एका रविवारी दूध नासलं. पुन्हा दुकानात जायचं त्राण नव्हतं, नासलेलं पातेलं बघत ओट्याशी उभी राहिले, आणि तू आठवलीस. मी वसतिगृहातून सुट्टीला आले आहे, गुरुजी आलेत, त्यांच्या चहासाठी तू शेजारून शेळीचं दूध मागून आणलं आहेस. उरलेल्या दुधासाठी मी कप पुढे करते, तू माझा हात बाजूला सारतेस. "तू पावनी हाय का? दुधाचा पितो तो उठून जातो. आपला कोरा." आपल्या घरात दूध फक्त उठून जाणाऱ्यासाठी होतं. आणि मी महिनाभर रोज सकाळी बाला तोच चहा देत होते.

कुंडीतली गवती चहाची पात तोडली, तुझ्यासारखी तिची गाठ मारून पाण्यात टाकली, गूळ घातला, खळखळून उकळल्यावर पावडर. बाने वास घेतला, एक घोट घेतला आणि खेकसला, "गूळ कमी हाय. एवढी शिकली, चहा नाय शिकली? तुझी आयस कुठं गेली?"

मी म्हटलं, "बाजारात."

"येईल तवा येईल. तू भाकर दे."

तेव्हापासून जेवतो. टोपी खिळ्याला असते. दिवसभर ओरडतो: पंखा बंद कर, भाताला मीठ नाही, दार उघडं टाकलंस. तू बाजारातून कधी येणार, हेही रोज विचारतो. कोरा चहा चार वेळा लागतो. मी कामावर जाण्याआधी एक करते, एक थर्मासमध्ये ठेवते, आल्यावर चपला काढायच्या आत तिसरा. शेवटचा करताना डोळे मिटत असतात. बहीण नाही, भाऊ नाही, तुला ठाऊकच आहे.

हे तुला पोचणार नाही म्हणूनच लिहिते. तो राहिला याचं मला बरं वाटतं. पण एखाद्या सकाळी मी इतकी थकलेली असते की, पातेलं गॅसवर ठेवताना हात दुधाच्या पिशवीकडे जातो.