बावखलातली काबोंबा

बाई, उमेळ्याच्या आमच्या वाडीत तुम्ही एकदाच आला होता. बावखलाच्या काठावर चपला काढून बसलात आणि म्हणालात, घरामागे गोड्या पाण्याचं एवढं तळं असताना तू जीवशास्त्र पुस्तकातून कसलं शिकतेस? ते बावखल मी मारलं, बाई. जिवंत माणसांपैकी कुणाला सांगायची हिंमत नाही. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, म्हणून तुम्हाला लिहितेय.

शाळेच्या प्रयोगशाळेत खिडकीपाशी तुमची काचेची टाकी होती. तुम्ही तिच्यातून दोन हिरव्या काड्या काढून माझ्या तळहातावर ठेवता. दोन्हींची पानं केसांसारखी बारीक चिरलेली. मी वहीत दोन्हीखाली 'अंबुलिया' लिहिते आणि तुम्ही ते पानच टरकावता. "एका पेरावर पानं किती, मोजलीस? हिला समोरासमोर दोनच. ही काबोंबा, परदेशातली. या दुसरीच्या खोडाभोवती पानांचा सगळीकडून घेर आहे, ही अंबुलिया, आपल्या भातखाचरातली. माहीत नसेल तर जागा रिकामी सोड. अंदाजाने नाव लिहू नकोस." सगळ्या वर्गासमोर रडले होते मी. शाळा सुटताना तुम्ही तुमचं भिंग माझ्या दप्तरात टाकलंत.

दोन वर्षांपूर्वी मुलगी लग्न होऊन गेली आणि तिची माशांची टाकी मी काढून टाकली. त्यातल्या वनस्पतीचं नाव दुकानदाराला फोनवर विचारलं. "अंबुलिया आहे मॅडम, आपल्याकडचीच." आपलीच आहे तर जगेल बिचारी, म्हणून बादलीभर बावखलात ओतली. पानं मोजली नाहीत. भिंग कपाटात होतं, दहा पावलांवर.

आता बावखलात त्या वनस्पतीच्या रानाखाली पाणी दिसत नाही. यंदा उन्हाळ्यात मासे वर येऊन तोंडं उघडत राहिले आणि तिसऱ्या दिवशी उताणे तरंगले. तेव्हा कुठे मी भिंग काढलं. दोन. पुन्हा दोन. कुठेतरी तिसरं पान सापडेल म्हणून मी काठावर बसून पेरामागून पेर बघत होते. तीनदा सगळं उपसलं, पण बोटभर तुकडा तुटून राहिला तरी त्याचं पुन्हा रान होतं. पंप सारखा तुंबतो. शेजारच्या काकांची केळी आणि पानवेली याच पाण्यावर आहेत. माझे हात सोलून निघालेत, बाई, आणि आता काय करायचं ते मला खरंच कळत नाही.

काल काका दुखरा गुडघा घेऊन कमरेभर पाण्यात उतरले. मला म्हणाले, "पुराच्या पाण्यातून आलं असणार हे. तू कशाला जिवाला लावून घेतेस, बाय?"

हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणून तरी खरं लिहिते. मी त्यांच्या हातातला भारा घेतला आणि म्हटलं, "हो काका, पुरातूनच."