नवांगने काय मागितलं

प्रिय तुर्योनो,

'प्रिय' लिहिलंय ते पत्राची रीत म्हणून, लगेच फुगून जाऊ नकोस. फोन करकरून मी थकले. तू उचलतोस, 'हो आई, बरं आई' म्हणतोस आणि मी मुद्द्यावर आले की तुमच्या त्या कालीमंतानच्या पामच्या मळ्यात नेमकी रेंज जाते. कागदाची रेंज जात नाही. शेजारच्या दार्तोचा पुतण्या तुमच्याच मळ्यावर कामाला निघालाय, त्याच्या हाती देतेय हे. तू पूर्ण वाचेपर्यंत समोरून हलायचं नाही, असं बजावलंय त्याला. तेव्हा बस खाली आणि वाच.

तुझ्या लेकीच्या डोक्यात पुन्हा जटा आल्यात. गेल्या वर्षी उतरवल्या, तलावात सोडल्या, सगळं रीतसर झालं, असं तुला फोनवर सांगितलं होतं. कसलं डोंबलाचं रीतसर! आपल्याकडच्या पोरांच्या जटा कशा उतरवतात ते तुला ठाऊक आहे. पोर आपल्या तोंडानं जे मागेल ते, जसं मागेल तसं द्यायचं, मगच कात्री लावायची. शेंबड्या पोरालाही कळतं हे. आपल्या सरपंचाला कळत नाही. त्याला जटा उतरवायच्या उत्सवात फोटो हवे होते, आणि कुण्या दुकानदाराला सायकल वाटायची होती. दोघांनी मिळून नवांगला आठ दिवस गोळ्या-बिस्किटं चारली आणि पढवलं, माइकसमोर 'सायकल' म्हण. पोरीनं म्हटलं. टाळ्या पडल्या. अरे, ह्या आपल्या वातुकेमुलमध्ये सपाट जागा म्हणजे ताटाएवढी. इथे सायकल चालवायची कुठे, माझ्या डोक्यावर? ती आता कोंबड्यांच्या खुराड्यात टांगली आहे. पुढच्या टोपलीत तांबडी कोंबडी अंडी घालते, तेवढाच काय तो उपयोग.

मग बटाटे काढायच्या दिवसांत पोर तापानं फणफणली. रात्रंदिवस बडबडत होती. ताप उतरला तेव्हा केसांच्या पुन्हा गाठी झाल्या होत्या, आधीपेक्षा घट्ट. तेव्हापासून ताप येतो-जातो, आणि येतो तो दर खेपेला जास्तच. मागच्या वेळी तुझ्या बायकोनं, विनार्तीनं, तिला पाठीला बांधलं आणि आम्ही दोघी धुक्यातून चालत खालच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईनं औषध दिलं, चांगली आहे बिचारी, पण जटांचं औषध तिच्याकडे कुठून असणार? सुरोसो आजोबांनी, ज्यांच्या हातानं आपल्या गावात कात्री लागते त्यांनी, स्पष्ट सांगितलं: मागणं खरं नव्हतं, म्हणून केस परतले. खरं मागणं पुरं करा, नाहीतर ताप पाठ सोडायचा नाही. तू म्हणशील, आई, हे जुनं झालं. म्हण बापडा. इथे येऊन तिच्या कपाळाला हात लावून मग म्हण.

त्यात सरपंचाचं नवं खूळ. गावाची माहिती लिहून कॉम्प्युटरवर टाकायची आहे, म्हणजे शहरातले लोक वाचतील आणि थंडीत कुडकुडायला पैसे मोजून येतील. कारकुनाला घेऊन घरोघर फिरतोय. आमच्या चुलीपाशी बसून माझ्याच हातची तळलेली सोयाबीनची तेंपे खात खात मला वाचून दाखवलं: गाव ढगांच्या वर, पीक बटाटा, कोबी आणि डोंगरी पपई, लोक प्रेमळ. प्रेमळ! माझ्याकडे बघून वाचलं हे. पुढे, गावातल्या बघण्यासारख्या गोष्टी: एक, गरम पाण्याचा झरा. दोन, सकाळचं धुकं. तीन, माझी नात! मी म्हटलं, बाबा रे, झऱ्याला ताप येत नाही, धुक्याला शाळेत पोरं चिडवत नाहीत. तिचं नाव खोड आधी. तर म्हणतो कसा, म्हातारे, चिडतेस काय, ह्या उत्सवात तिला मोबाइल मागायला लाव, मोबाइल देणारा आहे माझ्याकडे. मी तेंपेची ताटली उचलून आत ठेवली.

जाता जाता कारकुनानं विचारलं, तुर्योनोला गावात धरायचं की गावाबाहेर? विनार्ती कोबी चिरत होती, तिची सुरी थांबली. मी म्हटलं, गावात. आता बस विचार करत.

मी काही विसरलेली नाही. त्या वर्षी विषारी दव पडलं. पहाटे सगळं शेत साखर पेरल्यासारखं पांढरं, आणि दुपारपर्यंत काळं. तू बांधावर उभा राहून एकेक झाड चुरगाळून बघत होतास. कुणी तुला शब्दानं बोललं नाही, मीसुद्धा नाही, आणि माझ्या जिभेला किती सोसावं लागलं असेल बघ. तरी तुझं आपलं एकच: चार पैसे कमावतो, काहीतरी घेऊनच येतो, हात हलवत उंबऱ्यात पाय ठेवणार नाही. गेलास. सगळ्यांच्या शेतावर दव पडलं होतं रे! सगळे गेले का? दार्तो रडला, दारूसुद्धा प्यायला, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा कुदळ घेऊन उभा राहिला. तुझाच मान एवढा कसा नाजूक? प्रत्येक ईदेला म्हणतोस, अजून हातात काही नाही, पुढच्या ईदेला नक्की. इथे पोरगी तुझा चेहरा विसरत चालली आहे.

चेहरा विसरली, पण एक गोष्ट विसरलेली नाही. मध्यंतरी सुरोसो आजोबांनी तिला मांडीवर घेतलं, सगळ्यांना बाहेर काढलं आणि विचारलं. तिनं सांगितलं. तीन वेगवेगळ्या दिवशी विचारलं, तिन्ही वेळा तेच. दुसऱ्यांची पोरं बकरी मागतात, कानातलं मागतात, झगा मागतात. तुझ्या लेकीनं काय मागावं? बटाटा! ज्या गावात चालताना बटाट्याची ठेच लागते, तिथे बटाटा! राखेत भाजलेला, आणि बाबांनी फुंकर घालून दिलेला. आता काय डोकं फोडून घेऊ? मी फुंकर घालून बघितली. तू नाही, म्हणाली. सरपंच तर म्हणाला, मी तुर्योनोचं जॅकेट घालून पाठमोरा बसतो. बसला, खरंच बसला हो! पोरीनं तोंडावर सांगितलं, ह्यांच्या फुंकरेला सिगारेटचा वास येतो.

विनार्तीनं मला तुला पत्र लिहायला बंदी केली आहे. म्हणते, ज्याला आपणहून सुचत नाही त्याला बोलवायचं नाही. तुझ्यासारखीच ताठ आहे ती, जोडी बरी जमवली देवानं. आता लिहिताना मागून आली, विचारलं काय चाललंय. मी म्हटलं, बियाणेवाल्याला कळवतेय. ती कागदाकडे एक नजर टाकून म्हणाली, बियाणेवाल्याला कळव, त्याची गोधडी उन्हात घातली आहे.

तर ऐक. उत्सव गेला खड्ड्यात, सरपंचाला मी बघून घेते. सुरोसो आजोबा आपल्या अंगणातच कात्री लावणार आहेत, तू येशील त्या दिवशी. सायकल आणू नकोस, झगा आणू नकोस, उसने पैसे काढून काही घेऊ नकोस. रोज संध्याकाळी पोरगी राखेतून एक बटाटा काढते, सोलते, ताटलीत समोर ठेवते आणि बसून राहते. कुणाला फुंकू देत नाही, स्वतःही फुंकत नाही. पार गार झाला की खाते. तू गेल्यापासून ह्या थंडीच्या गावात तिनं एकदाही गरम बटाटा खाल्लेला नाही. तेव्हा हात हलवतच ये रे बाबा. तिनं मागितलंय ते रिकाम्या हातानंच आणता येतं.

तुझीच, सासू झाले म्हणून काय झालं,
पोनिया