ऋण तीन

महाल, नागपूर. मंगळवार संध्याकाळ, जुलै १९३६

वर्गात मी एकटीच मुलगी, तोंड उघडायची काय गरज होती? प्रोफेसरांनी फळ्यावर सिद्ध केलं: अ ने ब ला आणि ब ने अ ला निःशेष भाग जात असेल, तर दोन्ही संख्या सारख्याच. मी उठून विचारलं, "सर, तीन आणि ऋण तीन?" त्यांनी खडू खाली ठेवला. "उद्या माझ्या खोलीत या."

ऋण तीन! बाबांकडे तक्रार आली तर कॉलेज बंद. आणि माझंच चुकलं असेल तर?

पुन्हा मांडून पाहिलं. ब म्हणजे क गुणिले अ. अ म्हणजे ड गुणिले ब. शून्य वगळलं, तर क आणि ड यांचा गुणाकार एक. दोन्ही पूर्णांक, म्हणजे दोन्ही एक, नाहीतर दोन्ही ऋण एक. चूक नाही. तरी रडू आवरेना.

वहिनीने विचारलं, "काहून रडून राहिली वं?" सगळं सांगितलं.

"तुहं बरोबर हाये ना?"

"हो. त्याचीच तर भीती वाटते."

कणीक मळता मळता ती थांबली. "मंग उद्या मी येतो तुह्यासंग, कालेजच्या फाटकापर्यंत."

लग्न होऊन आल्यापासून वहिनी देवळापलीकडे कुठे गेलेली नाही.