तिसरी हमी

३ फेब्रुवारी, आंबागड
पोचले एकदाची. नागपूरहून तुमसर, तिथून एस.टी. देवकाबाईंनी आपल्या घरातली किल्ल्याकडची खोली दिली, वर गरम भात आणि लाखोरीचं वरण. म्हणाल्या, एकटी काहून जेवतेस, माझ्यापाशी बस. मला इथं मस्त करमणार.

५ फेब्रुवारी
माझं काम म्हणजे टॉवरशिवाय, फोनवरून फोनवर निरोप पोचवणं. मागं कोणीतरी वाघाची खोटी खबर पसरवली आणि मोहफूल वेचायला कोणी गेलंच नाही. म्हणून मी नियम केला: तिघांनी हमी दिली तरच माणूस यादीत. नाहीतर त्याचा निरोप कोणाचाच फोन पुढे नेणार नाही. खोट्याला हमी देणाऱ्याचीही पत, म्हणजे यादीतले विश्वासाचे गुण, घसरणार. मलाही तिघांनी हमी दिली, पहिली देवकाबाईंनी. खूप बरं वाटलं.

९ फेब्रुवारी
यादीत सगळ्यात जास्त पत कोणा चंद्रभागाबाईंची. भेटायला गेले तर कळलं, त्या दिवाळीतच वारल्या. नवरा यादोराव त्यांचा फोन रोज चार्ज करतात. म्हणाले, माणूस गेला म्हणून त्याचा शब्द कायले जाईल? गावाची हीच रीत म्हणे. मेलेल्याची हमी म्हणजे खोटीच की. मी नाव खोडून टाकलं. मोठी शहाणी मी.

१० फेब्रुवारी
अख्ख्या गावानं त्यांना हमी दिली होती. सगळ्यांची पत घसरली. भांडायला कोणी आलं नाही, पण तिघांनीही मला दिलेली हमी काढून घेतली. माझी पत शून्य.

१३ फेब्रुवारी
देवकाबाई माझ्यासमोर एकट्याच जेवल्या. हाक मारली, मान वर केली नाही. राग असेल, समजू शकते. पण सडा टाकताना पाणी माझ्या अंगावर टाकलं. मुद्दाम नाही. तिथं कोणी नसल्यासारखं.

१४ फेब्रुवारी
एस.टी.त कंडक्टरनं मला तिकीट विचारलंच नाही. एक बाई सरळ माझ्या मांडीवर बसायला लागली. तुमसरहून आईला फोन केला. ती नुसती हॅलो, हॅलो करत राहिली. मी इकडे ओरडत होते. परत आले. जाणार कुठं?

१६ फेब्रुवारी
फोनवर मला एक हमी आली. चंद्रभागाबाईंची. मी खोडलेलं नाव — मग देवाजींची. देवकाबाईंचे वारलेले यजमान. मग आणखी कोणाची तरी. लगेच निरोप: कशी आहेस वो बाई? रडले. इतक्या दिवसांत कोणीतरी विचारलं —

१७ फेब्रुवारी
त्या गेलेल्यांच्या यादीत नवीन नाव येऊ घातलंय. देवकाबाई. दोन हमी झाल्यात. तिसरी ते माझ्याकडे मागताहेत.
नाही देणार.

१८ फेब्रुवारी, दुपार
त्या अंगणात तांदूळ निवडताहेत. मी शेजारीच बसलेय. हात धरला — कळत नाही त्यांना — हमी दिली तर इकडे येतील, मला बघतील. बोलतील माझ्याशी —
नाही राहवत हो एकटं. देवकाबाई, माफ करा मला, मी फक्त —